चुंबकाचे जनित्र : कागदावरचे आणि पत्रकातले



मागल्या महिन्यात ऊसनोंदीला आलेले एक सभासद पॉवर हाऊसमध्ये डोकावले. हातात रंगीत पत्रक. "साहेब, हे चुंबकाचं जनित्र. डिझेल नको, वाफ नको, एकदा फिरवलं की फिरतच राहतं म्हणे. विसार देऊन टाकू का?" देऊ नका, एवढे त्यांना सांगितले, पण का, हे उभ्या उभ्या सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

चुंबकाचे जनित्र ही थाप नव्हे. सायकलचा डायनामो म्हणजे तेच. आपल्या टर्बाइनवरच्या मोठ्या जनित्रात वेटोळ्यांतून प्रवाह सोडून चुंबकत्व आणतात. ते कमीजास्त करून विजेचा दाब सांभाळता येतो. पण त्याच दांड्याच्या टोकाला एक लहान कायम चुंबकाचे जनित्र आहे, आणि मोठ्याला चेतवायची वीज त्याच्याकडून येते. निओडिमियमचे जोरकस चुंबक १९८३-८४ च्या सुमारास जगापुढे आले, तेव्हापासून अशी मोठी जनित्रेही होऊ लागली. काही पवनचक्क्यांत ती गिअरबॉक्सशिवाय थेट पात्यांच्या दांड्यावर बसवतात.

त्यांतल्या काहींत तीनऐवजी सहा फेज असतात. हे कशाला? सातारा जिल्ह्यातल्या लिंबची बारामोटेची विहीर पुष्कळांनी पाहिली असेल. एका मोटेचे पाणी पाटात हिसक्याने येते. अनेक मोटा मागेपुढे चालल्या की पाट एकसारखा वाहतो. तीन फेजची वीज डी.सी. केली तर दाब शिखरापासून सुमारे १३ टक्के खाली उतरतो. तीन-तीन फेजचे दोन संच एकमेकांपासून ३० अंश सरकवून गुंडाळले, तर ही उतार साडेतीन टक्क्यांवर येते. दांड्याला बसणारे हिसकेही कमी होतात. शिवाय एक संच बिघडला तरी दुसऱ्यावर कमी भाराने काम चालवता येते.

असे यंत्र बांधून मग चूक सापडली तर तांबे आणि चुंबक दोन्ही वाया. म्हणून ते आधी संगणकावर चालवून पाहतात. प्रत्येक वेटोळ्याचे एक समीकरण, अशी सहा. आणि सातवे दांड्याचे : टर्बाइनचा जोर वजा जनित्राचा अडसर, उरेल तेवढा वेग वाढणार. सेकंदाच्या दहा-दहा हजाराव्या भागाने पुढे सरकत संगणक ही सारी सोडवतो.

यात अडचण अशी की रोटर फिरतो तशी समीकरणे क्षणोक्षणी बदलतात. १९२९ साली पार्क या अमेरिकन इंजिनिअरने यावर तोड काढली : हिशेब रोटरवर बसून करायचा. जत्रेतल्या चक्रात खाली उभे राहिले तर घोडे पळताना दिसतात. घोड्यावर बसले की शेजारचा घोडा जागच्या जागी! सहा फेजमध्ये मात्र आणखी एक भानगड आहे. काही प्रवाह असे निघतात की ते दांड्याला काडीचाही जोर लावत नाहीत, नुसती वेटोळी तापवतात. ते हिशेबातून सुटले तर कागदावर यंत्र झकास आणि शेडमध्ये इन्सुलेशनचा वास. चुंबक तापला की त्याचा जोर घटतो, तेही धरावे लागते. आणि आत शॉर्ट झाला तर चुंबक काही बंद करता येत नाही. दांडा थांबेपर्यंत वीज निघतच राहते.

आता ते पत्रक. सातव्या समीकरणात टर्बाइनच्या जोराच्या जागी शून्य घाला. दिवा जोडल्याबरोबर वेटोळ्यांतला प्रवाह चुंबकाला मागे ओढतो, वेग उतरतो आणि जनित्र थांबते. सहा फेज घ्या की बारा, चुंबक कितीही महागाचा घ्या, उत्तर तेच येते. वीज चुंबकातून निघत नाही हो, ती दांडा फिरवणाऱ्याकडून येते. आपल्याकडे तो फिरवणारा म्हणजे बगॅसवर झालेली वाफ.

पटत नसेल तर गळीत संपल्यावर पॉवर हाऊसला या. जुना सायकल डायनामो ठेवला आहे. आधी तारा मोकळ्या ठेवून हाताने फिरवा, मग दोन्ही जोडून फिरवा. पत्रकवाल्यालाही बरोबर आणलेत तर हरकत नाही.