विमाने सुरू असतानाच निघावे

मध्यंतरी आमच्या कॉलेजचा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याला परदेशात नोकरी लागली होती, पण शेजारच्या देशात लढाई चालली होती. "सर, जाऊ का?" त्याने विचारले. मला पटकन उत्तर देववेना. असाच एक सल्ला मी पूर्वी दिला होता आणि तो चुकला होता.

माझी भाची युक्रेनमधील खारकिव्हला डॉक्टरकी शिकत होती. ज्यांना राहणे गरजेचे नाही, त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असे 15 फेब्रुवारी 2022 रोजी तिथल्या भारतीय दूतावासाने कळवले. आमच्या जोयडा तालुक्यात फोनची रेंज शोधावी लागते. ताई, भावोजी आणि मी टेकाडावर जाऊन तिच्याशी बोललो. भावोजींचे बोलणे कन्नडमध्ये आणि मोजके. ते एवढेच म्हणाले, "बंदुबिडु मगळे." मी मात्र म्हणालो, "हजेरी बुडेल, फी वाया जाईल. आठ दिवस थांब." घरात शिकलेला मी, म्हणून माझेच ऐकले गेले.

नवव्या दिवशी, 24 फेब्रुवारीला, युद्ध सुरू झाले आणि विमाने बंद झाली. भाची भुयारी रेल्वेच्या स्थानकात राहू लागली. 1 मार्चला हावेरी जिल्ह्यातील एक विद्यार्थी खाण्याचे सामान आणायला बाहेर पडला आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यात गेला. ती बातमी ऐकल्यावर ताईने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा निरोप आला, वाहन नसेल तर चालत खारकिव्ह सोडा. सांगितलेल्या गावांपैकी पिसोचिन 11 किलोमीटरवर होते. भाची मोठी बॅग टाकून तिकडे चालत गेली. पुढे बस, मग रेल्वे करत ती सीमेवर पोहोचली आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने घरी आली.

पुढच्याच वर्षी, 15 एप्रिल 2023 रोजी, सुदानमध्ये लढाई पेटली आणि आपल्या कर्नाटकातील हक्की-पिक्की समाजाचे लोक तिथे अडकले. खार्टूमचा विमानतळ पहिल्याच दिवशी बंद पडला. 'ऑपरेशन कावेरी'त लोकांना बसने पोर्ट सुदानला आणि तिथून जहाजाने किंवा विमानाने जेद्दाहला न्यावे लागले. सरकार मदतीला येते, पण तोवरचे दिवस आपल्यालाच काढावे लागतात.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मी भाचीनेच शिकवलेल्या गोष्टी सांगितल्या. जाण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाच. एजंटाचा परवाना 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपास. पोहोचताच दूतावासात नाव नोंदव. पासपोर्ट व व्हिसाची एक झेरॉक्स आईजवळ ठेव, एक अंगावर. थोडी रोकड जवळ असू दे, कारण गडबडीत एटीएम रिकामे होतात. पाणी, सुका खाऊ, औषधे, पॉवर बँक आणि गरम कपडा एवढेच एका पाठपिशवीत भरून ठेव. ती घेऊन 11 किलोमीटर चालता येते का, ते इथेच चालून बघ. सैनिकांचे वा चौक्यांचे फोटो काढू नकोस. विम्याचे कागद नीट वाच, कारण पुष्कळ प्रवास विम्यांत युद्धाचे नुकसान धरलेले नसते. घरी रोज ठरल्या वेळी एक निरोप पाठव, म्हणजे बॅटरीही टिकेल आणि आईचा जीवही.

"आणि दूतावासाने 'निघा' म्हटले, की कोणाला विचारत बसू नकोस. मलासुद्धा नाही. बुडालेली फी, बुडालेला पगार पुढे भरून काढता येतो."

तो म्हणाला, "सर, पण घरचे 'थांब' म्हणाले तर?"

तेव्हा मी त्याला ताईच्या घरचा फोन लावून दिला. भावोजी त्याच्याशी बराच वेळ बोलले.