‘शंभर टक्के’ : विशेषणाचा अन्वय आणि ग्राहकाचा न्याय

विशेषणाचा अन्वय कोणत्या पदाशी लावावयाचा, हा प्रश्न व्याकरणाच्या पाठापुरताच आहे असा एक समज आढळतो. अमेरिकेतील दोन दाव्यांनी त्याची व्याप्ती किती मोठी आहे हे दाखवून दिले आहे. मोठ्या दुकानांनी स्वतःच्या नाममुद्रेखाली विकलेले खाद्यपदार्थ हा दोन्ही दाव्यांचा विषय होता आणि दोहोंतही वादाचे मूळ वेष्टनावरील ‘१००%’ या एकाच पदात होते. निकाल मात्र परस्परविरुद्ध लागले.

पहिला दावा पार्मेझान चीजच्या किसाचा. वॉलमार्ट, टार्गेट, पब्लिक्स इत्यादी दुकानांच्या, तसेच क्राफ्ट या उत्पादकाच्या डब्यांवर दर्शनी बाजूस ‘१००% किसलेले पार्मेझान चीज’ या अर्थाची अक्षरे होती. मागील बाजूच्या घटकसूचीत मात्र सेल्युलोजच्या पुडीची नोंद होती. हे व इतर मिश्रण शेकडा ४ ते ९ असल्याचे वादींचे म्हणणे होते. किसाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अशी पूड घालण्यास कायद्याची मुभा आहे. तेव्हा वाद आरोग्याचा नसून शब्दाच्या सत्यतेचा होता. इलिनॉयमधील संघीय जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये हे दावे फेटाळले. ‘१००%’ हे पद ‘चीज’, ‘पार्मेझान’ किंवा ‘किसलेले’ यांपैकी कशाचेही विशेषण होऊ शकते; अर्थ असा संदिग्ध असता समंजस ग्राहक डबा उलटून घटकसूची वाचेल, अशी त्यामागील विचारसरणी होती.

शिकागो येथील सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने ७ डिसेंबर २०२० रोजी हा निर्णय फिरविला. न्यायमूर्ती डेव्हिड हॅमिल्टन यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा मथितार्थ असा की, वकिलाला शब्दांचा दुसरा अर्थ काढता येतो एवढ्यावरून उत्पादकाची सुटका होत नाही. खरे ग्राहक त्या शब्दांचा काय अर्थ घेतात हे पाहावयास हवे. दर्शनी बाजूवरील विधान पडताळण्यासाठी प्रत्येकाने मागील बारीक अक्षरे वाचलीच पाहिजेत, असे बंधन ग्राहकावर नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फसवणूक सिद्ध झाली असे न्यायालयाने म्हटलेले नाही. दावा उंबरठ्यावरूनच परतविता येणार नाही, एवढेच ठरविले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन पातळ्या वेगळ्या केल्या पाहिजेत. वाक्यरचनेला अनेक अन्वय मान्य असतात. श्रोता मात्र प्रसंगावरून त्यांतील एक निवडतो. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणावयाचे आणि प्रवासास निघताना म्हटले तर घोडा, हे शाब्दबोधाच्या चर्चेतील प्रसिद्ध उदाहरण तात्पर्याचेच आहे. डब्यातील सर्व चीज किसलेले आहे हे सांगण्याचे काही प्रयोजनच नाही, कारण ते उघड आहे. वक्ता प्रयोजनावाचून बोलत नाही हे गृहीत धरूनच श्रोता अर्थ लावतो, असे ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात प्रतिपादिले. म्हणून व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलेला तो अन्वय व्यवहारात निर्बल ठरतो.

दुसरा दावा ट्रेडर जोज या दुकानाच्या ‘१००% न्यूझीलंड मानुका मधा’चा. त्यातील मानुका फुलांचे पराग शेकडा ५७.३ ते ६२.६ इतकेच असल्याचे वादींचे म्हणणे होते. जुलै २०२१ मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळणेच योग्य ठरविले. मधमाशी कोणत्या फुलावर बसेल हे कोणासही ठरविता येत नाही. शिवाय अल्प किंमत आणि वेष्टनावरील ‘१०+’ हा गुणांक पाहता समंजस ग्राहक पूर्ण शुद्धतेची अपेक्षा धरणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

दोन्ही न्यायालयांनी प्रसंगाकडेच पाहिले. भेद आहे तो ग्राहकाला किती ज्ञान असते असे मानावयाचे, याविषयी. मधमाशीचा स्वभाव सर्वांस ठाऊक असतो; किसात लाकडाच्या लगद्यापासूनही मिळणारी पूड असते हे ज्ञान तसे नव्हे. भारतात जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, अर्कात पाणी मिसळून पुन्हा सिद्ध केलेल्या फळरसांच्या वेष्टनांवरून ‘१००% फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्यास सांगितले, त्यामागेही हाच प्रश्न होता.

तात्पर्य, संदिग्धतेचा लाभ ती निर्माण करणाऱ्यास मिळू लागला, तर संदिग्ध लिहिणे हेच कौशल्य ठरेल आणि त्याचे मोल प्रत्येक खरेदीत ग्राहकाला मोजावे लागेल. संदिग्धता ओळखणे हे व्याकरणाचे काम. तिचा भार कोणी वाहावयाचा, हे ठरविणे न्यायाचे.