लेआउटखाली गेलेली लवणं

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीच्या पठारावर वसलं आहे आणि त्याच्या दोन अंगांना दोन खोरी उतरतात. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस बेंबळेसारख्या नद्यांवाटे वर्धेला मिळतो. दक्षिणेचा वाघाडी, अडाण, अरुणावती, पूस अशा वाटांनी पैनगंगेत उतरतो. माळावर असं वाटलं गेलेलं पाणी सगळा जिल्हा ओलांडून वणी तालुक्यात जुगादजवळ पुन्हा एक होतं. यवतमाळकर राहतात ते नद्यांच्या माथ्यावर. माथ्यावरच्या गावाला वरून पाणी सोडणारं कुणी नसतं. आभाळातून पडेल आणि आपल्याच उतारावर थांबेल, तेवढंच आपलं.

आणि माथ्यावर नदी नदीसारखी दिसत नाही. ती लवण म्हणून सुरू होते. वावरातला एक सखल पट्टा, उन्हाळ्यात नजरेतही न भरणारा. आषाढ-श्रावणात मात्र तिथली जमीन चिबडते, कपाशी पिवळी पडते, म्हणून शेतकरी तो पट्टा सोडून देतो. तिथे लव्हाळा माजतो, कडेने बाभळी-बोरी उभ्या राहतात, डबक्यात बेडकं ओरडतात. चार लवणं मिळून ओहोळ, ओहोळांचा नाला आणि नाल्यांची पुढे वाघाडी. नकाशात नाव मिळतं ते वाघाडीला. लवणाला नाव नसतं, त्यामुळे ते बुजवलं तरी कुणाचं काही गेलंसं वाटत नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, की गेलं आहे, आणि पुष्कळ गेलं आहे.

2011 च्या जनगणनेत यवतमाळ नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे 1 लाख 16 हजार लोक होते, म्हणजे 2001 पेक्षा थोडे कमीच. शहर वाढत होतं ते हद्दीबाहेर. लोहारा, वाघापूर, वडगाव, उमरसरा, भोसा, पिंपळगाव या गावांची वावरं अकृषिक होत गेली आणि पुढे ही गावं नगरपालिकेत आली. पण बहुतेक ठिकाणी आधी प्लॉट पडले, मग रस्ते झाले आणि नाल्यांचा विचार शेवटी आला. लेआउट पाडताना पहिलं काम असतं जमीन सपाट करण्याचं. उंचवटा खोदायचा, तोच मुरूम लवणात भरायचा, वरून रोलर फिरवायचा. आठ दिवसांत शेकडो वर्षांचा उतार मिटतो. पाण्याला मात्र तो उतार ठाऊक असतो. पहिल्या मोठ्या पावसात ते त्याच वाटेने येतं आणि त्या वाटेवर आता कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

याचा हिशेब सोपा आहे. एक एकर म्हणजे साधारण 4,047 चौरस मीटर. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटरांहून अधिक पाणी होतं. वावर असेल तर त्यातलं बरंच मुरतं, उरलेलं धुऱ्यांना अडत, गवतातून रेंगाळत तासा-दोन तासांनी नाल्याला लागतं. त्याच एकरावर स्लॅब, सिमेंटचा रस्ता आणि फरशीचं अंगण झालं की जवळजवळ सगळं पाणी काही मिनिटांत गटारात येतं. शिवाय हा भाग काळ्या कातळाचा. इथे भूजल साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. खाली वाळूचा मोठा साठा नाही. तो मुरमाचाच थर खोदून नेला किंवा झाकून टाकला की साठवण संपते. श्रावणात ज्या वस्तीतल्या घरांत पाणी शिरतं, तिथेच चैत्रात बोअर आटून टँकर येतो, त्यामागे कारण एकच आहे.

2018 चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. आदल्या वर्षीचा पाऊस कमी पडला होता. शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय तळाला गेले आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येईना. उपाय म्हणून बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पातून जलवाहिनी आणण्याच्या योजनेकडे सगळ्यांचे डोळे लागले. बेंबळ्याच्या पाण्याची गरज होती, याबद्दल वाद नाही. पण दूरचं पाणी आलं की जवळच्या पाणलोटाकडे पाठ फिरते. पंपाने चढवून आणलेलं पाणी दर महिन्याला विजेचं बिल मागतं. निळोण्याच्या पाणलोटातलं पाणी स्वतःच्या पायांनी येतं, त्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या तर.

पाच वर्षांनी उलटं घडलं. जुलै 2023 मध्ये अतिवृष्टी झाली, यवतमाळच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांची सुटका करावी लागली. एवढा पाऊस पडला तर पूर येणारच, हे खरं. पण तो किती चढतो आणि किती झपाट्याने, ते माथ्यावर ठरतं. त्याच वर्षी 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. नागपूर काय किंवा यवतमाळ काय, तलाव आणि नाला यांच्यामधली मोकळी जागा गेली की पाणी रस्त्यावरच येणार.

पाणथळीची गोष्ट याहून नाजूक आहे. जलाशयाचं खरं जीवन खोल पाण्यात कमी आणि उथळ काठावर जास्त असतं. दिवाळीनंतर पाणी हळूहळू ओसरतं, ओला गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी त्यात गाळपेर होते. त्याच बोटभर पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या चोच खुपसत फिरतो, तुतवार शेपटी हलवत किडे टिपतो, जरा पुढे थापट्या बदकं पाणी गाळत असतात आणि थंडीत चक्रवाक उतरतात. या पक्ष्यांना संथ उताराचा काठ लागतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली तिथे दगडी पिचिंग, फरसबंद वाट आणि दिवे आले की काठ उभा होतो आणि हे सगळं संपतं. वरून सांडपाणी आलं की त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. मासेमारीवर जगणाऱ्या भोई-ढीवर कुटुंबांना त्याचा फटका सर्वांत आधी बसतो.

कायद्याची इथे मोठी अडचण आहे. 1971 च्या रामसर कराराने मानवनिर्मित पाणथळीही मान्य केल्या आहेत. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले. विदर्भातल्या लोणारला 2020 मध्ये रामसर दर्जा मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण निळोणा, चापडोह, बेंबळा या व्याख्येबाहेर राहतात आणि त्यांना पाणी पुरवणाऱ्या लवणांची तर कुठे नोंदच नाही. माझ्या मते हे वगळणं चूक आहे. चिखलात उतरणाऱ्या पक्ष्याला धरण कोणत्या खात्याने बांधलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

याच जिल्ह्यातल्या पुसदच्या सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचं स्वतंत्र खातं उभं केलं. 10 मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. पाणी अडवायचं आणि जिरवायचं, हे खेड्यातल्या शेतकऱ्याला आपण पन्नास वेळा सांगितलं. शहरातल्या लेआउटवाल्याला एकदा तरी बजावलं का?

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला मोठा पैसाही लागत नाही. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या, विकल्या न जाणाऱ्या तुकड्यात सोडण्याऐवजी लवणाच्या पट्ट्यातच सोडायची अट घातली, तर पाण्याची वाट राहील आणि पोरांना खेळायला मैदानही मिळेल.

दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर प्लॉटचा सौदा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढून आपल्या गट नंबरातून ओढा-नाला गेलेला दिसतो का ते पाहावं आणि जुन्या सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग ‘ब’ नोंदलेला आहे का तेही तपासावं. रस्ते, नाले, तलाव अशा सार्वजनिक वापराची जमीन त्यात येते. नकाशात नाला असेल आणि जागेवर नुसता मुरूम दिसत असेल, तर बयाणा देण्याआधी तो नाला गेला कुठे, हे विक्रेत्याला विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.