पुरावा कोणाच्या वाट्याला?

१४ नोव्हेंबर १९९२. डर्बनच्या किंग्जमीड मैदानावर सचिन तेंडुलकर धावबाद झाला की नाही, याचा निर्णय पंच सिरिल मिचली यांनी स्वतः न देता पडद्यासमोर बसलेल्या कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला कसोटीतील पहिला फलंदाज भारतीय ठरला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दिवशी कॅमेरा प्रेक्षक न राहता साक्षीदार झाला.

पण साक्षीदाराची नजर किती तीक्ष्ण, हाही प्रश्न असतोच. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापतो. सेकंदाला २५ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये तो दीड मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. सेकंदाला ३४० चित्रे टिपली, तर हेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरांवर येते. चेंडू आधी पॅडला लागला की बॅटला, हा वाद या फरकातच मिटतो किंवा चिघळतो.

अर्थात, सुस्पष्ट चित्र म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. लांबून टिपणाऱ्या भिंगात खोलीचा अंदाज हरवतो आणि जमिनीलगत घेतलेला स्वच्छ झेलही संशयास्पद दिसू लागतो. साधन कितीही अस्सल असो, ते कोणत्या कोनातून पाहिले गेले, हे इतिहासकाराला विचारावेच लागते. ‘अंपायर्स कॉल’ची तरतूद मला म्हणूनच प्रामाणिक वाटते, यंत्राच्या अनिश्चिततेची ती उघड कबुली आहे.

निर्णय फेरविचार पद्धतीची पहिली कसोटी-चाचणी २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेतच झाली. त्यानंतर भारतीय क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षे तिला विरोध केला आणि २०१६ मध्ये राजकोटला इंग्लंडविरुद्ध ती पुन्हा स्वीकारली. अचूकतेचा तो वाद आता मागे पडला आहे. उरला आहे तो विषमतेचा. रणजी करंडकाच्या २०१९-२० च्या हंगामात उपांत्य आणि अंतिम सामन्यांना फेरविचाराची मुभा मिळाली; मात्र चेंडूचा माग काढणारी आणि बॅटचा सूक्ष्म स्पर्श ध्वनीवरून ओळखणारी यंत्रणा वगळून.

सेवेत असताना मी अनेक महसुली अपिले ऐकली. सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद ज्याच्या हाती, त्याचे पारडे जड. कागद नसलेला माणूस खरे बोलत असूनही हतबल होऊन उभा राहायचा. कॅमेरे नसलेल्या मैदानावर चुकीच्या निर्णयाने बाद होणाऱ्या तरुण फलंदाजाची अवस्था याहून वेगळी नाही. निवड समितीपुढे जाते ती धावसंख्या. तिच्यामागची चूक कुठेच नोंदली जात नाही.

रेडिओलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात सांगितले. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक करणारा कायदा २००७ मध्ये आला. प्रेक्षकाच्या हक्काची तरतूद आपण अशी कायद्याने केली. खेळाडूच्या पुराव्याची मात्र प्रक्षेपणाच्या बाजारावर सोपवली. देशांतर्गत बाद फेरीच्या प्रत्येक सामन्याला, महिलांच्या स्पर्धांसह, वेगवान कॅमेऱ्यांचा किमान संच मिळावा, असा दंडक मंडळाने घालून घ्यायला काय हरकत आहे? न्यायाची गुणवत्ता सामन्याच्या जाहिरातमूल्यावर ठरू नये, एवढीच ही मागणी आहे.