धुराचा सोडा

दहावीच्या वर्गात एक प्रयोग मी दरवर्षी न चुकता करायचे. परीक्षानळीत चमचाभर धुण्याचा सोडा, त्यावर लिंबाचा रस. फसफसून वायू निघतो आणि तो नळीवाटे चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधासारखी होते. कार्बन डायऑक्साइड ओळखायची ही खूण मुलं वहीत उतरवून घ्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पण हा वायू सोड्यात गेला कुठून?"

तेव्हा मी सांगितलं, चुनखडीतून. चुनखडी कोकबरोबर भट्टीत भाजली की वायू सुटतो. मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवून त्यात हा वायू सोडायचा, म्हणजे खायच्या सोड्याचे कण वेगळे होतात. ते गाळून तापवले की धुण्याचा सोडा तयार. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ साली या रीतीचं पेटंट घेतलं. फळ्यावर हिशेबही मांडला: १०६ किलो सोड्यात ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोभर सोड्यात ४१५ ग्रॅम वायूच. मुलांचा विश्वास बसेना.

आता मी निवृत्त आहे. ती मुलगी आज समोर असती तर तिला तामिळनाडूतल्या तुतिकोरिनची गोष्ट सांगितली असती. तिथल्या तुतिकोरिन अल्कली केमिकल्स या कारखान्यात वाफेसाठी कोळशाचा बॉयलर चालतो. २०१६च्या सुमारास त्याच्या धुराड्यातला वायू पकडून सोडा करायला सुरुवात झाली. हे तंत्र कार्बन क्लीन या कंपनीचं. ती काढली अनिरुद्ध शर्मा आणि प्रतीक बंब या आयआयटी खरगपूरच्या दोन विद्यार्थ्यांनी. वर्षाला ६०,००० टन वायू पकडण्याची या यंत्रणेची क्षमता सांगितली गेली.

कोळशाच्या धुरात बहुतेक भाग नायट्रोजनचा असतो, कार्बन डायऑक्साइड त्या मानानं थोडा. म्हणून धूर आधी एका खास द्रावणातून नेतात. हे द्रावण गार असताना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं आणि तापवलं की सोडून देतं. सुटलेला शुद्ध वायू सोड्याच्या विभागात जातो, रिकामं झालेलं द्रावण पुन्हा धूर प्यायला परत येतं. तिथल्या रीतीत सोड्याबरोबर अमोनियम क्लोराइडही निघतं आणि ते खत म्हणून विकलं जातं. खरा खर्च आहे तो द्रावण तापवण्याचा. उष्णता जितकी कमी लागेल तितका हा वायू स्वस्त पडतो, आणि तो स्वस्त पडला तरच कारखानदार त्याला हात लावतो.

तुतिकोरिनबद्दल वाचताना मला माझी आई आठवली. ती चुलीतल्या राखेनं भांडी घासायची आणि महिन्यातून एकदा चादरी-धोतरांना सोडा घालून भट्टी लावायची. लाकडाच्या राखेतही कार्बोनेटच असतं, म्हणून ती तेलकटपणा काढते. त्यातला कार्बन झाडानं हवेतून घेतलेला. आईच्या राखेतला कार्बन हवेतूनच आला होता, जमिनीखालचं काही त्यासाठी उकरावं लागलं नव्हतं.

आपल्या आजच्या धुण्याच्या पावडरचं तसं नाही. सोडा तिचा एक भाग. मळ सोडवणारा मुख्य घटक अल्किल बेंझिनपासून होतो आणि त्याचा कच्चा माल निघतो रॉकेलमधून. आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला हे अल्किल बेंझिन तयार होतं. कपड्यावरच्या रॉकेलच्या डागाला आपण नाक मुरडतो, पण त्याच रॉकेलच्या वंशजानं रोज कपडे धुतो.

इथंही वाट निघते आहे. २०२१ साली युनिलिव्हरनं चीनमध्ये ओमो नावाच्या धुण्याच्या कॅप्सूल आणल्या. त्यासाठी पोलाद कारखान्याच्या धुराड्यातला वायू लान्झाटेक या कंपनीनं जिवाणूंना खाऊ घातला. जिवाणूंनी त्याचं इथेनॉल केलं. त्या इथेनॉलपासून आपल्या इंडिया ग्लायकॉल्स या कंपनीनं मळ काढणाऱ्या द्रव्याचा कच्चा माल बनवला. पोलादाच्या भट्टीतल्या या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. एरवी तो जाळतात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन आकाशात जातो.

मात्र वर्गात सांगायचे तसंच इथंही सांगते, हिशेब पुरता मांडा. सोड्यात बांधलेला वायू कायमचा गाडला जात नाही. लिंबू पिळताच तो कसा उसळून बाहेर येतो, ते आपण पाहिलंच. काचेच्या भट्टीत गेलेल्या सोड्यातला वायूही धुराड्यातून निघून जातो. धुण्याच्या पाण्यातलं कार्बोनेट गटारातून नदीत जातं, तिथं आम्ल भेटलं की त्यातलाही वायू सुटतो. फायदा आहे तो वेगळाच: सोड्यासाठी मुद्दाम चुनखडी भाजावी लागत नाही, मळ काढणाऱ्या द्रव्यासाठी नवं खनिज तेल उपसावं लागत नाही. एकदा जळलेला कार्बन दुसऱ्यांदा कामाला येतो. आणि आकारही ध्यानात ठेवायला हवा. तुतिकोरिनचे ६०,००० टन कुठं आणि भारत वर्षाला सोडतो ते अडीचशे कोटी टनांहून अधिक कुठं! कोळसा कमी जाळण्याला हा पर्याय नाही. धूर सोड्यात जातो म्हणून कुणी बॉयलर वीस वर्षं जास्त चालवणार असेल, तर माझा त्याला विरोध आहे.

तरीही मी या कामाच्या बाजूनं आहे. सोडा आणि साबण उद्याही लागणारच, आणि त्यांना कार्बन कुठून तरी आणावाच लागणार. तो आधीच बाहेर पडलेल्या धुरातून येत असेल तर तो आधी वापरावा.

खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहून आपण ते घ्यायचं की नाही ते ठरवतो. धुण्याच्या पावडरच्या पुड्यावरही कंपन्यांनी एक ओळ छापावी: यातला कार्बन कुठून आला, जमिनीतून, झाडातून की धुराड्यातून. ती ओळ आपण ग्राहकांनी मागायला हवी. त्या मुलीनं विचारलेला प्रश्न तोच होता.