घरकुलाचा नंबर कसा लागतो

घरकुलासाठी जो आधी अर्ज करतो त्याचा नंबर आधी लागतो, अशी बहुतेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. या यादीत अर्जाची तारीख मोजलीच जात नाही. मोजली जाते ती गरज, आणि तीही शासनाने ठरवलेल्या निकषांवर. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकमध्ये एका कुटुंबाचे नाव वर आणि शेजाऱ्याचे खाली का, याचे उत्तर आधी या निकषांत शोधावे लागते. ते शोधायचे तर यादी कशी बनते हे ठाऊक हवे.

आंबेगाव तालुक्याची दोन रूपे आहेत. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. पूर्वेला मंचर, अवसरी, पारगाव हा पट्टा डिंभे धरणाच्या पाण्याने बागायती झाला आहे. तिथे ऊस, कांदा, बटाटा पिकतो आणि बाहेरच्याला सगळा मुलूख सुखवस्तू वाटतो. पण या बागायतीत राबणाऱ्या अनेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. उसाबरोबर बिबट्याही गावांजवळ आला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि तिथे संध्याकाळ झाली की लेकरांना घरात घेण्याची घाई होते. ज्याच्या घराला कुडाची भिंत आणि फळ्यांचे दार आहे, त्याने लेकरांना कुठल्या घरात घ्यायचे? पक्के घर ही इथे जिवाची गरज आहे.

शासनाने ही गरज मोजण्याच्या रीती वेळोवेळी बदलल्या. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि १९९६ पासून ती स्वतंत्र योजना म्हणून चालली. पुढे २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात प्रत्येक कुटुंबाला १३ प्रश्नांवर शून्य ते चार असे गुण दिले गेले. एकूण गुण ५२. ज्याचे गुण कमी, तो जास्त गरीब. त्या गुणांवरून गावोगावी कायम प्रतीक्षा याद्या बनल्या. तक्रारही तेव्हापासूनचीच आहे की खऱ्या गरिबाला गुण जास्त पडले आणि बऱ्या परिस्थितीतल्याला कमी.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण १ एप्रिल २०१६ पासून लागू झाली आणि गुणांची ही पद्धत मागे पडली. नवी यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षणातून उचलली गेली. पहिली चाळणी घराची. बेघर कुटुंब, किंवा कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेल्या दोन खोल्यांपर्यंतच्या घरात राहणारे कुटुंब, एवढ्यांचाच विचार झाला. त्यांतही बेघर आधी, मग एका खोलीचे, मग दोन खोल्यांचे. यांतल्या प्रत्येक गटात निराधार, भिक्षेवर जगणारे, हाताने मैला उचलणारे, वेठबिगारीतून मुक्त झालेले आणि आदिम जमातींतले लोक सर्वांत वर. त्यानंतर वंचनेचे निकष लागतात. घरात १६ ते ५९ वयाचे कोणीच नाही, किंवा बाई कुटुंबप्रमुख आहे आणि या वयाचा पुरुष नाही. पंचविशीवरचे कोणी साक्षर नाही. घरात अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ नाही. जमीन नाही आणि पोट मजुरीवर आहे. यांतले जितके निकष जास्त लागू होतील तितके नाव वर सरकते.

पुढचा टप्पा गावाला सर्वांत गोंधळात टाकतो. यादी एक नसते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक आणि इतर अशा वेगळ्या याद्या असतात आणि घरांचे उद्दिष्टही प्रवर्गानुसार येते. एकूण उद्दिष्टातला ६० टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला असतो. त्यामुळे एका प्रवर्गाची यादी झपाट्याने संपते आणि दुसऱ्यातला माणूस त्याच गावात वर्षानुवर्षे थांबतो. शेजाऱ्याचे घर झाले आणि माझे राहिले, हा राग समजण्यासारखा आहे. पण शेजारी त्याच्या पुढे घुसलेला नसतो. त्याची रांगच वेगळी असते.

या यादीचा सर्वांत मोठा दोष तिच्या वयात आहे. २०११ मध्ये मोजलेली गरिबी पुढे दहा-बारा वर्षे खरी मानली गेली. त्या काळात भाऊ विभक्त झाले, कर्ती माणसे गेली, भिंती पावसाने खचल्या. यादी मात्र होती तिथेच राहिली. शिवाय त्या सर्वेक्षणात पत्र्याचे छप्पर पक्क्यात धरले होते. उन्हाळ्यात ज्या पत्र्याखाली बसवत नाही, तोच पत्रा कागदावर पक्के छप्पर ठरला आणि त्याच्याखाली राहणारे चाळणीतच गळाले.

अशा सुटलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये पुन्हा नोंदणी झाली. महाराष्ट्रात तिलाच 'ड यादी' म्हणतात, कारण ती प्रपत्र ड मध्ये होती. ग्रामसभेने मान्य केलेल्या मूळ यादीचे नाव प्रपत्र ब. म्हणून गावात 'नाव ब मध्ये आहे की ड मध्ये?' हा प्रश्न आधी विचारला जातो. २०२५ मध्ये आणखी एक सर्वेक्षण मोबाइल ॲपवर झाले आणि त्यात कुटुंबाला स्वतःची नोंद स्वतः करण्याचीही सोय होती.

नाव यादीत असूनही कापले जाऊ शकते. २०१६ च्या नियमांत घरी दुचाकी, फ्रिज किंवा लँडलाइन फोन असला तरी कुटुंब अपात्र ठरत होते. कामावर जाण्यासाठी जुनी मोटरसायकल घेतलेल्या मजुराला ती अट भोवली. २०२४ मध्ये या तीन अटी काढल्या आणि दरमहा उत्पन्नाची मर्यादा दहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. ही दुरुस्ती योग्यच होती, फक्त ती यायला आठ वर्षे लागली. तीनचाकी किंवा चारचाकी वाहन, आयकर, सरकारी नोकरी, ५० हजार वा त्याहून अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड आणि अडीच एकर बागायत या अटी अजून आहेत.

नंबर लागल्यावर घोडेगावच्या पंचायत समितीतून मंजुरी येते आणि पैसे थेट बँक खात्यात हप्त्यांनी पडतात. सपाट भागात अनुदान १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून साधारण ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्य शासनाने ५० हजारांची भर घातली. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे हवे. जोते झाले, छताचे काम झाले की त्या त्या वेळी जागेवर फोटो काढला जातो, मगच पुढचा हप्ता सुटतो. हप्ता अडकला की गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो.

ज्याला जागाच नाही, त्याचे घर मंजूर होऊनही उभे राहत नाही. बागायती पट्ट्यात जमिनीला भाव असतो आणि गावठाणात जागा उरलेली नसते. भूमिहीनांना जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत नाव नसलेल्यांनी इतर वाटाही पाहाव्यात: अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ पासून मोदी आवास. कातकरी कुटुंबांसाठी केंद्राच्या जनमन योजनेत दोन लाखांचे घर आहे.

घरांसाठी निवड इतरत्र कशी होते तेही पाहू. शहरात म्हाडा सोडत काढते, म्हणजे निवड नशिबावर सोडते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यातल्या सेक्शन आठ योजनेत कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे भरायचे आणि उरलेले सरकारने. पण तिथेही पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला मदत मिळते. कित्येक शहरांत यादी वर्षानुवर्षे बंद असते आणि उघडली की नावे चिठ्ठ्यांनी काढावी लागतात. त्यांच्या तुलनेत आपल्या गावच्या यादीत एक मोठी गोष्ट आहे: ती गावासमोर वाचली जाते. एकमेकांची घरे आतून पाहिलेल्या माणसांसमोर वाचलेली यादी फार काळ खोटी राहू शकत नाही.

यादी तपासण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. चुकीने आलेले नाव काढण्याचा ठराव, सुटलेल्यांची नोंद आणि समान वंचना असलेल्यांत विधवा किंवा दुर्धर आजारी माणसाला पुढे घेण्याचा निर्णय तिथेच होतो. तिथला निर्णय पटला नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे अपील करता येते. पण गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. मग मोजक्या माणसांच्या सह्यांवर सगळ्या गावाची यादी मंजूर होते. जो त्या दिवशी शेतात राबत होता, त्याच्या घराचा निर्णय त्याच्यावाचून होतो.

निकष दिल्लीत ठरतात, पण ते कोणाला लागू होतात हे गाव सांगू शकते, आणि यादीचा न्याय त्यावरच उभा आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेला जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे प्रपत्र ब आणि ड दोन्ही मागा, आपले नाव कोणत्या प्रवर्गात आणि कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा, आणि यादी मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. वस्तीवरच्या ज्या म्हातारीला वाचता येत नाही, तिचे नावही त्याच वेळी तपासा. तिच्यासाठी ते दुसरे कोणी तपासणार नाही.