पहिल्या पावसाने उल्हास नदी ‘आंबट’ होते का?

बदलापूर पूर्वेच्या शिरगावात पहिला पाऊस पडला की पत्र्यांवरून काळपट पाणी ओघळतं. महिनोन्‌महिने साचलेली धूळ, काजळी आणि वाहनं-कारखान्यांच्या धुरातून तयार झालेली सल्फेट-नायट्रेट त्यात असतात. हे पाणी गटारातून नाल्यात जातं आणि पुढे उल्हास नदीला मिळतं. मग नदी आम्लधर्मी होते का?

थंड देशांत हा प्रश्न बर्फामुळे गाजला. हिवाळाभर बर्फात प्रदूषकं साठतात. बर्फ वितळताना पहिल्या 30 टक्के पाण्यासोबतच 50 ते 80 टक्के प्रदूषकं बाहेर पडतात, असं नॉर्वेतील संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलं. तिथला ग्रॅनाइट आम्ल मारू शकत नाही. उलट मातीतलं अॅल्युमिनियम सुटतं आणि माशांचे कल्ले निकामी होतात.

आपल्याकडे बर्फाचं काम पत्रे आणि डांबरी रस्ते करतात. पण नदीला दोन पहारेकरी आहेत.

पहिला म्हणजे धूळ. स्वच्छ पावसाचाही पीएच साधारण 5.6 असतो, म्हणजे किंचित आम्लधर्मी. (पीएच एकने घसरला की आम्लता दहापट वाढते.) हवेतल्या धुळीतला कॅल्शियम कार्बोनेट हे आम्ल मारतो, हे पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. गंमत अशी की, सल्फर डायऑक्साइड तसाच ठेवून फक्त धूळ कमी केली, तर पाऊस जास्त आम्लधर्मी होईल!

दुसरा पहारेकरी सह्याद्रीचा बसाल्ट. तो झिजताना पाण्यात बायकार्बोनेट सोडतो. ॲसिडिटीवर खायचा सोडा जे करतो, तेच हा नदीत करतो.

त्यामुळे इथे संशयाची सुई आभाळापेक्षा नाल्याकडे आधी वळायला हवी. शेजारच्या वालधुनीत नोव्हेंबर 2014 मध्ये रसायन ओतल्याने उल्हासनगरात विषारी वायू पसरला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल मिसळलं की घातक हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. एवढ्या आम्लापुढे बसाल्टचा पहारा पुरत नाही.

घरच्या नळाशी याचा संबंध थेट आहे. बदलापूरला पाणी उल्हासवरच्या बॅरेजमधून मिळतं. गढूळ पाणी निवळायला तुरटी लागते आणि तुरटी स्वतःच बायकार्बोनेट खर्च करते. मुसळधार पावसात पाणी पातळ होऊन बायकार्बोनेट आधीच घटलेलं असतं. अशा वेळी पीएच 6.5 ते 8.5 या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत ठेवण्यासाठी जलशुद्धीकरणात चुना मिसळावा लागतो.